चांदीचा पहारा

बोटभर उंचीचा चांदीचा पत्रा. त्यावर दौडता घोडा, स्वाराच्या हाती तलवार, मागे बसलेली म्हाळसा आणि पायांशी कुत्रा. महाराष्ट्रातल्या अनेक देवघरांत खंडोबा या टाकाच्या रूपानेच नांदतो. शेजारी तुळजाभवानी असते, जोतिबा असतो, कुठे लढाईत पडलेला घरातला वीरही.

टाक घडवायला सोनार कोरलेल्या धातूच्या ठशावर पातळ पत्रा धरतो आणि वरून शिसं ठेवून ठोकतो. मऊ शिसं पत्र्याला खाचाखोचांत दाबतं आणि देव उठून येतो. भाऊ वेगळे झाले, की नव्या देवघरासाठी नवे टाक करतात आणि जेजुरीला नेऊन देवाला भेटवतात.

टाक घर राखतो. अंग राखायला ताईत. नळीसारखा किंवा पेटीसारखा, आत मंत्राचा कागद नाहीतर अंगारा. तान्ह्या पोरांच्या गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख असायचं. वसईच्या सांडोरसारख्या ख्रिस्ती गावांत हीच राखण संताचं पदक किंवा स्कॅप्युलर, म्हणजे गळ्यात घालायचे पवित्र कापडाचे छोटे तुकडे, करतात.

मोरोक्को-अल्जीरियातले बर्बर, म्हणजे स्वतःला अमाझिघ म्हणवणारे लोक, यांच्या चांदीकडेही हेच काम आहे. त्यांच्यातलेच सहारातले तुआरेग कुराणातल्या आयती चौकोनी पेटीत बंद करून गळ्यात घालतात. ही पेटी आपल्या पेटी-ताईताची सख्खी बहीण शोभेल. दृष्ट लागू नये म्हणून पाच बोटांचा पंजा असतो. बायका अंगावरचं वस्त्र खांद्यांशी दोन मोठ्या त्रिकोणी पिनांनी अडकवतात. दोन्ही पिनांना साखळी जोडलेली.

हे दागिने घडवणारे मोरोक्कोतले अनेक कारागीर ज्यू होते. 1948 नंतरच्या काळात त्यांतले बहुतेक इस्रायल-फ्रान्सकडे गेले. तिझनित शहरात चांदीचा बाजार मात्र आजही भरलेला असतो.

दृष्टीपासून वाचवणारी चांदी दुष्काळातही कामी येते. पीक बुडालं, की आपल्याकडे तोडे-सरी सोनाराच्या तराजूवर चढायचे, तिकडे पिना आणि कडी. घडणावळीला शून्य किंमत, मोल फक्त वजनाचं. असे कितीतरी जुने नग मुशीत गेले.

मराकेशच्या माजोरेल बागेत 2011 साली बर्बर संग्रहालय उघडलं. तिथे हे दागिने काचेआड सुरक्षित आहेत. टाकांना मात्र रोजचं पाणी, चंपाषष्ठीचा भंडारा आणि घासपूस चुकत नाही. देवाचा चेहरा पुसट झाला, की घरचे टाक सोनाराकडे नेतात, आणि जुन्या चांदीत थोडी नवी घालून पुन्हा ठसा उठवून आणतात.