व्यापारकरारांतील स्त्रीविषयक कलमांची भाषा

व्यापारकरारात स्त्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण प्रथम आले ते २०१६ साली, चिली व उरुग्वे यांच्या करारात. त्यातील क्रियापदे लक्षणीय आहेत. उभय पक्ष समतेचे महत्त्व ‘मान्य करतात’, परस्परांशी सहकार्य ‘करतील’. तथापि तंटानिवारणाची व्यवस्था या प्रकरणास लागू नाही. जकातीविषयीचे वचन मोडल्यास दाद मागता येते, हे मोडल्यास नाही.

पुढील वर्षी ब्युनोस आयरिस येथे जागतिक व्यापार संघटनेच्या ११८ सदस्यांनी व निरीक्षकांनी काढलेले जाहीरनामापत्रही याच वळणाचे. भारत त्यात सामील झाला नाही. हा विषय संघटनेच्या कक्षेत येत नाही, अशी त्याची भूमिका होती. २०२५ मध्ये ब्रिटनशी केलेल्या करारात मात्र भारताने असे प्रकरण स्वीकारले. भूमिकेतील हा पालट लहान नव्हे.

याहून निराळे वाक्य सेवाव्यापाराच्या अंतर्गत नियमनासंबंधी २०२१ साली ठरलेल्या नियमांत आढळते. परवाने व पात्रता यांविषयीच्या उपायांत स्त्रीपुरुषभेद नसावा, याची शाश्वती सहभागी सदस्याने दिलीच पाहिजे, असे ते सांगते. विधान निषेधात्मक असल्याने त्याचा भंग दाखविता येतो. परदेशात व्यवसाय करू इच्छिणाऱ्या स्त्री-वास्तुशास्त्रज्ञास केवळ स्त्री म्हणून परवाना नाकारला गेला, तर तिच्या सरकारला तक्रारीस आधार मिळतो. अर्थात परवाना नाकारणाऱ्या देशाने हे नियम स्वीकारलेले असतील तर. ‘भेद’ कशास म्हणावे, हे मात्र तळटीपेत आहे: प्रत्यक्ष समता लवकर यावी म्हणून योजलेले तात्पुरते विशेष उपाय भेदात मोडत नाहीत.