कोंबडी निवडताना ऊनही पाहा आणि शेजारही!

तुमसर हे धानाच्या बाजाराचे व राईस मिलचे गाव. कनकी, कोंडा आणि तूस येथे सहज मिळते. त्यामुळे आपल्या छोट्या दुकानदार व कारागीर बांधवांच्या घरी परसात दहा कोंबड्या ठेवून चार पैसे जोडण्याचा विचार होणे स्वाभाविक आहे. परंतु दोन गोष्टी या धंद्याला मारक ठरतात. एक म्हणजे मे महिन्याचे ऊन. विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुसरी म्हणजे मोहल्ल्यातील लागून लागून घरे. पहाटे बांग सुरू झाली की शेजाऱ्यांशी कुरबुर सुरू होते.

कोंबडीला घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकणे, पंख पसरणे एवढाच तिचा उपाय. म्हणून जड अंगाचा व दाट पिसांचा पक्षी येथे टिकत नाही. शांत म्हणून नावाजलेल्या ब्रह्मा, कोचीन या जातींच्या पायांवरही पिसे असतात. त्या थंड प्रदेशातच शोभतात. उलट व्हाइट लेगहॉर्न अंगाने हलकी, उन्हात बरी तगते, पण भित्री. जरा खुट्ट झाले की उडते व ओरडते. असील उष्णतेला कणखर, परंतु भांडखोर. लहान अंगणात तिला ठेवू नये.

मग घ्यावी कोणती? हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी वनराजा व ग्रामप्रिया या जाती तयार केल्या. वनराजा अंगाने भरते, मांसाला चांगली. परसात वर्षाला १०० ते ११० अंडी देते. ग्रामप्रिया अंगाने हलकी, १६० ते १८० तपकिरी अंडी देते. गावठी कोंबडी ५०-६० वरच थांबते. हिशेब सोपा आहे : दहा गावठी कोंबड्यांची वर्षाला सुमारे ६०० अंडी, तर दहा ग्रामप्रियांची १,६००. उन्हाचा विचार करता तुमसरसाठी आम्ही ग्रामप्रिया सुचवितो. उघड्या मानेची जात मिळाल्यास तीही उत्तम. पिसे कमी असल्याने तिच्या अंगातील उष्णता लवकर बाहेर पडते. बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्यापासून 'हितकारी' ही जात तयार केली आहे.

आता आवाजाचे. खरा गोंगाट कोंबड्याचा असतो आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो नसला तर अंड्यातून पिल्लू निघणार नाही, एवढेच. पिल्ले आणताना नर-मादी मिश्र येतात. नर अडीच-तीन महिन्यांचे झाले की विकून टाकावेत. तोवर बांग नीट फुटलेली नसते आणि मांसाला भावही येतो. मादी अंडी घातल्यावर थोडी कलकल करते, पण ती दिवसा व थोडाच वेळ. भूक, तहान आणि अंडी घालण्यास जागा नसणे यांमुळे ओरड वाढते. म्हणून चार-पाच कोंबड्यांमागे एक टोपले ठेवावे. रात्री खुराडे अंधारे असावे व सकाळी उशिरा उघडावे.

पिल्ले जुलै-ऑगस्टमध्ये आणावीत. जानेवारीच्या सुमारास अंडी सुरू होतात आणि उन्हाळ्यापर्यंत पक्षी पक्का होतो. एप्रिलमध्ये पिल्ले आणणे म्हणजे भांडवल उन्हात घालणे. खुराड्यास दर पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा द्यावी. पत्र्यावर तणसाचा जाड थर द्यावा, दुपारी बाजूंना ओले गोणपाट लावावे. उन्हाळ्यात पाणी दुप्पट लागते. ते मातीच्या भांड्यात व सावलीत ठेवावे. दाणा पहाटे व सायंकाळी द्यावा. कनकी-कोंड्याने पोट भरते, पण अंड्यांसाठी त्यात पेंड व शिंपल्यांचा चुरा मिसळणे आवश्यक आहे. खाली तूस पसरावे व ते कोरडे ठेवावे, म्हणजे दुर्गंधी येत नाही.

राणीखेत म्हणजे मानमोडी. हा रोग एका आठवड्यात सारे खुराडे रिकामे करतो. पहिल्या आठवड्यात लासोटा व आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस द्यावी. याबाबत जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. पिल्लांसाठी नागपूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राकडे कोणती जात मिळेल याची आधी चौकशी करावी.

प्रथम दहाच माद्या ठेवा. एक उन्हाळा त्या सुखरूप निघाल्या आणि शेजारी नाराज झाला नाही, तरच वीस करा. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला ठाऊक आहेच. शिवाय अंड्यांचे पहिले गिऱ्हाईकही तोच असतो!