परसबागेतील सफरचंद : झाडाची निवड व जोपासना

इंग्रजी मुळाक्षरांची ओळख ज्या फळाने होते, ते सफरचंद आपल्या मुलांनी चित्रात व बाजारात पाहिलेले असते. त्याचे झाड मात्र क्वचितच पाहिलेले असते. अलीकडे सफरचंदाची कलमे महाराष्ट्रातील रोपवाटिकांत व कृषिप्रदर्शनांत विकावयास येऊ लागली आहेत. ती घ्यावीत किंवा कसे, असा प्रश्न पालक गावातील शिक्षकांस विचारतात. परसातील जागा थोडी, उन्हाळ्यातील पाणी त्याहून थोडे, आणि फळाची वाट तीन-चार वर्षे पाहावयाची. निवड चुकली तर ही सारी वर्षे व्यर्थ जातात. म्हणून लागवडीची कृती सांगण्यापूर्वी निवडीचा विचार केला पाहिजे.

थंडीची गरज

सफरचंद हे थंड प्रदेशातील पानगळीचे झाड आहे. हिवाळ्यात त्याची पाने गळतात आणि कळ्या सुप्तावस्थेत जातात. तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलेले तास पुरेसे साठले, म्हणजेच या कळ्या वसंत ऋतूत एकदम फुटतात. थंडी अपुरी पडली तर पालवी उशिरा व विरळ येते, फुले थोडी लागतात आणि फळ धरत नाही. झाड जगते, हिरवेही दिसते, परंतु फळत नाही.

हिमाचल प्रदेशातील प्रसिद्ध ‘डिलिशियस’ वर्गातील जातींस असे सुमारे ८०० ते १२०० तास लागतात. पुढे सत्यानंद या नावाने ओळखले गेलेले अमेरिकन गृहस्थ सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ साली शिमल्याच्या डोंगराळ मुलुखातील कोटगढ येथे या वर्गातील रोपे लावली, आणि त्या भागाचे अर्थकारणच पालटले. पण ते यश त्या उंचीचे व तेथील हिमाचे होते. आपल्याकडे निफाडसारख्या ठिकाणी काही रात्री कडाक्याची थंडी पडते हे खरे. तथापि, पारा पहाटेचे चार तास ७ अंशांखाली राहिला व अशा रात्री दहा आल्या असे धरले, तरी बेरीज ४० तासच होते. तेव्हा या जातींचे कलम आपल्या परसात लावणे म्हणजे केवळ शोभेचे झाड लावणे होय.

उष्ण प्रदेशास मानवणाऱ्या जाती

थोड्या थंडीत फळणाऱ्या काही मोजक्या जाती आहेत. ‘अ‍ॅना’ ही जात इस्रायलमध्ये तयार झाली. ‘डॉर्सेट गोल्डन’ ही बहामा बेटांत आढळली. तिसरी ‘एचआरएमएन-९९’ ही हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केली. घरी खाल्लेल्या सफरचंदांच्या परसात टाकलेल्या बिया उगवल्या, त्यांतील एका झाडास सुमारे १,८०० फूट उंचीच्या त्या उष्ण गावातही फळे आली, आणि त्यांनी त्याची कलमे बांधली. या कार्याबद्दल त्यांस २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

परंतु या जातींसही थोडी थंडी हवीच असते. ज्या गावी हिवाळ्याच्या रात्री चांगल्या गार होतात, तेथे एक-दोन झाडे प्रयोग म्हणून लावण्यास हरकत नाही. कोकणपट्टीच्या दमट व उबदार हवेत मात्र हा खटाटोप करू नये. पेरू किंवा सीताफळ काढून त्या जागी सफरचंद लावणे तर कोठेच शहाणपणाचे नाही.

बी नव्हे, कलम

खाल्लेल्या सफरचंदाची बी पेरली तर तेच फळ येईल, अशी मुलांची समजूत असते. तसे घडत नाही. बीमध्ये दोन निरनिराळ्या झाडांचे गुण एकत्र येतात. म्हणून बियांची रोपे आईसारखी निपजत नाहीत. शिवाय त्यांस फळावर येण्यास सहा ते दहा वर्षे लागतात. शर्मा यांच्या परसातील झाड हा विरळा योग होता. आणि तो गुण टिकविण्यासाठी त्यांनाही कलमच करावे लागले.

कलमात खाली खुंट व वर इच्छित जातीची फांदी किंवा डोळा असतो. झाड किती उंच वाढेल हे बहुतांशी खुंट ठरवितो. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील खुंट जगभर वापरले जातात. त्यांपैकी ‘एम-९’ फार ठेंगणा असून त्यास कायमचा आधार लागतो. ‘एमएम-१०६’ व ‘एमएम-१११’ अधिक जोमदार असून मुळांवरील लोकरी माव्यास दाद देत नाहीत. विकत घेताना जात व खुंट या दोहोंची नावे विचारावीत, ती पावतीवर लिहून घ्यावीत. ज्यास ती सांगता येत नाहीत, त्याच्याकडून कलम घेऊ नये.

जोडीचे झाड

बहुतेक सफरचंदांच्या फुलांस स्वतःच्या जातीचा पराग चालत नाही. यास्तव एकाच वेळी फुलणाऱ्या दोन जाती जवळ असाव्यात. ‘अ‍ॅना’ व ‘डॉर्सेट गोल्डन’ यांची जोडी याच कारणाने लावतात. पराग वाहून नेण्याचे काम मधमाश्या करतात. झाड फुलात असताना कोणतेही कीटकनाशक फवारू नये.

लागवड व जोपासना

जागा भरपूर उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी निवडावी. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. तेथे उंचवटा करून त्यावर झाड लावावे. दोन झाडांत तीन ते चार मीटर अंतर ठेवावे. ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो माती व चांगल्या कुजलेल्या शेणखताने भरावा. कलम हिवाळ्यात, पानगळ झालेली असताना लावावे. त्याचा सांधा जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. तो मातीत गेल्यास वरच्या भागास मुळे फुटतात व खुंटाचा उपयोग राहत नाही.

बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, परंतु ते खोडास टेकू देऊ नये. कडक उन्हापासून रक्षणासाठी खोडास चुना लावावा. सुप्तावस्थेत वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. आखूड, गाठाळ फळफांद्यांस मात्र हात लावू नये. एका झुबक्यात अनेक फळे धरल्यास ती सुपारीएवढी असतानाच एक ठेवून बाकीची खुडावीत.

आपल्याकडे डाळिंबास व संत्र्यास पाण्याचा ताण देऊन बहार धरतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांस ठाऊक असते. जावा बेटावरील बातू परिसरात थंडी मुळीच नसता, फळे उतरविल्यावर सफरचंदाची पाने हाताने काढून टाकतात, आणि झाड गाढ सुप्तावस्थेत जाण्यापूर्वीच त्यास पुन्हा फुलावयास लावतात. थंडीची उणीव अशी मनुष्याच्या श्रमाने काही अंशी भरून काढता येते. मात्र ते श्रम दर हंगामास करावे लागतात.

पाण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उत्तर भारताच्या मैदानात या जातींची फळे जूनच्या सुमारास तयार होतात. म्हणजे फळ पोसण्याचा काळ हा ऐन उन्हाळ्याचा होय. ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याची ओढ असते, तेथे हे झाड लावण्याचा आग्रह शिक्षकांनी धरू नये.

शाळेत काय करावे

डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत विद्यार्थ्यांकडून रोजचे किमान तापमान फळ्यावर लिहवून घ्यावे. वर्षाअखेर ७ अंशांखालील रात्री मोजल्या, म्हणजे आपल्या गावी सफरचंद लावावे की नाही याचे उत्तर मुलेच देतील. तसेच एक सफरचंद आडवे कापून दाखवावे. मध्ये चांदणीच्या आकाराचे पाच कप्पे दिसतात. ज्या बाजूस बिया भरलेल्या नसतात, त्या बाजूस फळ बहुधा खुरटलेले असते. मधमाशीचे काम त्या एका फोडीत वाचता येते.

झाड लावण्याचा उत्साह स्तुत्य आहे. पण आपली हवा, माती व पाणी ओळखून झाड निवडणे हे शेतीचे पहिले शिक्षण आहे. वहीतील नोंदी पाहून ज्या वर्गाने सफरचंदाऐवजी पेरू लावण्याचे ठरविले, त्या वर्गाचाही हा पाठ पुरा झाला असे समजावे.