मॅग्नेशियमची पांढरी पूड : रोह्याला लागू पडली, आपल्याकडे का नाही?



गेल्या हंगामात आमच्या शेतकी खात्याकडे एक तक्रार आली. उसाची खालची पाने पिवळी पडून त्यावर तांबूस ठिपके आले होते. आधी तांबेरा समजून औषध मारून झाले, गुण नाही. मग रोह्याकडच्या पाहुण्यांनी सांगितले म्हणून सदर सभासदाने मॅग्नेशियम ऑक्साईडची पोती आणून रानात टाकली. पाहुण्यांच्या नारळाला ते मानवले होते. इथे काळ्या रानात दोन महिने झाले तरी पान जसेच्या तसे. "माल बनावट आहे, दुकानदाराला धरा," असे त्यांचे म्हणणे. आम्ही नमुना तपासून घेतला. माल अस्सल होता. मग चुकले कुठे? त्यासाठी ही पूड मुळात होते कशी, हे पाहावे लागेल.

शाळेत मास्तर मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवत. डोळे दिपतील असा उजेड पडायचा आणि मागे पांढरी राख उरायची. ती राख म्हणजेच मॅग्नेशियम ऑक्साईड. पण पोत्यातला माल धातू जाळून कोणी करत नाही, ते परवडणार नाही.

एक मार्ग दगडाचा. तमिळनाडूत सेलमजवळ आणि उत्तराखंडच्या डोंगरात मॅग्नेसाईट नावाचा पांढरा दगड सापडतो. चुनखडी भाजून कळीचा चुना करतात, तसाच हा भट्टीत भाजायचा. शुद्ध दगड 84 किलो घातला तर 40 किलो पूड मिळते. बाकीचे 44 किलो कार्बन डायऑक्साईड वायू होऊन उडून जाते.

दुसरा मार्ग समुद्राचा. पाहुण्यांची बाग पाहायला आम्ही रोह्याला गेलो, तेव्हा परतीला पेण-खोपोली रस्ता धरायचा म्हणून पेणच्या खाडीकाठी एक मिठागर पाहून घेतले. खाडीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवतात. आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ धरते. मीठ ओढून काढल्यावर जे पाणी उरते ते हाताला तेलकट लागते आणि चवीला कडूजहर. त्यात मॅग्नेशियमचे क्षार भरलेले असतात. या पाण्यात चुन्याची निवळी घातली की पांढरा लगदा खाली बसतो. (पोटाच्या तक्रारीवर डॉक्टर देतात ते 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया' हेच.) लगदा धुऊन, गाळून भट्टीत घातला की त्यातले पाणी निघून जाते आणि ऑक्साईड उरते. साध्या समुद्राच्या हजार लिटर पाण्यात जेमतेम दोन किलो ऑक्साईड निघेल एवढे मॅग्नेशियम असते, म्हणून आटवलेल्या पाण्याला किंमत. आम्ही पाहिले तिथे मात्र ते खाडीत सोडून देत होते. कोणी ते फुकट मिळते म्हणून उसाला घालू नये. त्यातल्या क्लोराईडने रान खराब होईल.

आता भट्टीची गोष्ट, कारण सगळी मेख तिथे आहे. 700 ते 1000 अंशांवर भाजलेली पूड भुसभुशीत आणि जिवंत असते. खताला, जनावरांच्या खुराकाला ती चालते. 1500 अंशांच्या वर भाजली की ती मेली म्हणायची. जळकी चुनकळी पाण्यात फुटत नाही, तसे होते. ती पोलादाच्या भट्ट्यांच्या विटांना उत्तम, पिकाला निरुपयोगी.

आपल्या सभासदाची पूड जिवंतच होती. पण जिवंत पूडसुद्धा नुसत्या पाण्यात फारशी विरघळत नाही, तिला आम्ल लागते. रोह्याकडे धो धो पावसाने डोंगरउताराच्या तांबड्या मातीतले चुना-मॅग्नेशियम धुऊन जाते आणि माती आम्लधर्मी होते. तिथे ऑक्साईड विरघळते, शिवाय आम्लताही कमी करते. आपल्या रानाचा सामू आठाच्या वर, त्यात चुनखडीचे खडे. तिथे पूड टाकली तशी पडून राहते. आणि आपल्या काळ्या मातीत मॅग्नेशियम बहुधा कमी नसतेच. या सभासदाने वर्षानुवर्षे पोटॅश सढळ हाताने टाकले होते. पोटॅश जादा झाले की मुळांना मॅग्नेशियम घेता येत नाही. त्यांना पोटॅश आवरायला सांगितले आणि मॅग्नेशियम सल्फेट लिटरला 10 ग्रॅम घेऊन फवारायला लावले. जुनी पाने सुधारत नाहीत, पण नवी पाने नीट हिरवी आली.

पोत्यावरच्या आकड्यांतही गल्लत होते. एका कंपनीच्या सल्फेटवर 'मॅग्नेशियम 9.6 टक्के' आणि दुसऱ्याच्या 'एमजीओ 16 टक्के' असे लिहिलेले असेल, तर माल एकच आहे. 'एमजीओ'च्या आकड्याला 0.6 ने गुणले की खरे मॅग्नेशियम निघते. 16 चा आकडा पाहून जादा पैसे मोजू नयेत.

पोत्यात काय आहे याची शंका आली तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर माल ढवळावा. सल्फेट विरघळून पाणी स्वच्छ राहते. ऑक्साईड असेल तर पाणी दुधासारखे होऊन थोड्या वेळाने तळाला पांढरा साका बसतो. पाने आणि मातीचे नमुने गट ऑफिसात चिटबॉयकडे द्यावेत. पोटॅश किती टाकले तेही चिठ्ठीवर लिहावे.