जर्मन विद्यापीठांतील प्रवेश (भारतीय शालेय पात्रता)

भारतातील बारावीच्या प्रमाणपत्रावर जर्मनीतील पदवी अभ्यासक्रमांना मिळणारा प्रवेश हा गुणांच्या टक्केवारीपेक्षा प्रथम 'उच्चशिक्षण प्रवेशपात्रता' या कायदेशीर संकल्पनेवर अवलंबून असतो. ही पात्रता असलेला विद्यार्थीच अर्जदार ठरतो. नसलेल्याचे गुण कितीही असले तरी त्याचा अर्ज गुणवत्तेच्या स्पर्धेपर्यंत पोहोचत नाही. बारावीचे प्रमाणपत्र, मग ते महाराष्ट्र राज्य मंडळाचे असो वा केंद्रीय मंडळाचे, एकटे असताना सामान्यतः थेट प्रवेशास पुरेसे मानले जात नाही. त्याला पूर्वतयारीचे वर्ष, भारतातील महाविद्यालयीन शिक्षणाचे वर्ष किंवा जेईई (ॲडव्हान्स्ड) परीक्षेतील यश यांपैकी एकाची जोड लागते.

पार्श्वभूमी

जर्मन विद्यार्थी 'आबिटूर' ही शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन विद्यापीठात जातो. या परीक्षेची सुरुवात १७८८ मध्ये प्रशियात झाली. आबिटूर हे केवळ शाळा संपल्याचे प्रमाणपत्र नसून विद्यापीठात शिकण्याचा हक्क देणारे दस्तऐवज आहे. त्यामुळे परदेशी प्रमाणपत्राबाबत विचारला जाणारा प्रश्न 'विद्यार्थी हुशार आहे का' असा नसतो. 'हे प्रमाणपत्र त्याच्या धारकाला तोच हक्क देते का' असा असतो.

शिक्षण हा जर्मनीत १६ घटक राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची स्थायी परिषद १९४८ पासून अस्तित्वात असून, परदेशी शिक्षणाचे मूल्यमापन करणारे मध्यवर्ती कार्यालय तिच्या अधीन आहे. हे कार्यालय 'आनाबिन' नावाची माहितीपेढी चालवते. तीत देशनिहाय प्रमाणपत्रांची आणि शिक्षणसंस्थांची वर्गवारी पाहावयास मिळते. प्रवेशाचा अंतिम निर्णय मात्र त्या त्या विद्यापीठाचा असतो, आणि एकाच प्रमाणपत्राबाबत दोन विद्यापीठांकडून थोडी वेगळी उत्तरे येणे असाधारण नाही.

बारावीचे मूल्यमापन

भारतीय बारावीला आबिटूरची बरोबरी न मिळण्याचे कारण शालेय वर्षांची संख्या हे आहे, असा समज आढळतो. तो पुरेसा नाही. सॅक्सनी आणि थुरिंगिया या जर्मन राज्यांत आबिटूर बारा वर्षांतच होते. खरा फरक विषयरचनेत आहे. आबिटूरच्या अखेरच्या दोन वर्षांतही विद्यार्थ्याला जर्मन, परकीय भाषा, गणित, निसर्गविज्ञान आणि समाजविज्ञान या क्षेत्रांपासून पूर्णपणे सुटका मिळत नाही. काही विषय तो वरच्या पातळीवर घेतो एवढेच. भारतात अकरावीलाच शाखा निवडली जाते आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा इतिहासाशी, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा भौतिकशास्त्राशी संबंध संपतो.

मूल्यमापन करताना भाषा, गणित, निसर्गविज्ञाने आणि समाजविज्ञाने अशा सामान्य शिक्षणाच्या विषयांना महत्त्व दिले जाते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने येथे काही नेहमीच्या निवडी अडचणीच्या ठरू शकतात. विज्ञान शाखेत गणित सोडून केवळ जीवशास्त्र ठेवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांना पुढे तांत्रिक अभ्यासक्रमाकडे वळणे कठीण जाते. वाणिज्य शाखेत गणिताला 'चिटणिसाची कार्यपद्धती' हा पर्याय आहे, परंतु जर्मनीत अर्थशास्त्राच्या पूर्वतयारी वर्गाची प्रवेश परीक्षा प्रामुख्याने जर्मन भाषा आणि गणित यांचीच असते. द्विलक्षी अभ्यासक्रमात दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र यांसारखा २०० गुणांचा विषय घेतला जातो. अभियांत्रिकी प्रवेशाच्या दृष्टीने ही निवड सोयीची मानली जात असली, तरी तीमुळे गुणपत्रिकेवर इंग्रजी ही एकच भाषा उरते. हे निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी, बहुधा परदेशाचा विचारही नसताना घेतलेले असतात.

आंतरराष्ट्रीय बॅकलोरिएट (आयबी) पदविकेची स्थिती निराळी आहे. तिच्याविषयी शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचा स्वतंत्र ठराव असून, ठरावीक विषय ठरावीक पातळीवर घेतले असल्यास ती थेट प्रवेशास पात्र ठरते. परिणामी मुंबई किंवा पुण्यातील आयबी शाळेचा विद्यार्थी आणि त्याच शहरातील कनिष्ठ महाविद्यालयाचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाकडे दोन वेगळ्या दारांनी जातात. या शाळांचे शुल्क लक्षात घेता हा भेद केवळ शैक्षणिक राहत नाही.

प्रवेशाचे मार्ग

पहिला मार्ग जेईई (ॲडव्हान्स्ड) परीक्षेचा. बारावीसह ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी व निसर्गविज्ञानाच्या अभ्यासक्रमांसाठी थेट, परंतु विषयापुरती मर्यादित पात्रता मिळते. जेईई (मेन) मधील वरच्या सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांनाच या परीक्षेस बसता येते. ज्यांना ती उत्तीर्ण होऊनही भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळाली नाही, अशांना या तरतुदीचा उपयोग होऊ शकतो.

दुसरा मार्ग भारतातील मान्यताप्राप्त संस्थेत पदवीचे किमान एक वर्ष यशस्वीरीत्या पूर्ण करण्याचा. यातून मिळणारी पात्रताही त्याच किंवा निकटच्या विषयापुरती असते. वाणिज्याचे वर्ष पूर्ण करून यंत्र अभियांत्रिकीला अर्ज करता येत नाही. संस्था आनाबिनमध्ये मान्यताप्राप्त म्हणून नोंदलेली असावी लागते. महाविद्यालय एखाद्या विद्यापीठाशी संलग्न असल्यास पदवी देणाऱ्या विद्यापीठाची नोंद पाहिली जाते.

तिसरा मार्ग 'श्टुडिएनकोलेग' या पूर्वतयारी वर्गाचा. हा साधारणतः दोन सत्रांचा असतो आणि पुढील विषयानुसार त्याचे प्रकार पडतात: तांत्रिक विषयांसाठी टी, वैद्यक व जीवविज्ञानासाठी एम, अर्थशास्त्र व समाजशास्त्रासाठी डब्ल्यू, मानव्यविद्यांसाठी जी आणि भाषांसाठी एस. म्युनिक, हायडलबर्ग, हॅनोव्हर, लाइपझिग, हॅम्बुर्ग इत्यादी ठिकाणी असे सरकारी वर्ग आहेत. बहुतेक ठिकाणी अर्ज थेट या वर्गाकडे न करता विद्यापीठाकडे करावयाचा असतो. विद्यापीठ उमेदवाराला प्रवेश परीक्षेसाठी पाठवते. त्या परीक्षेसाठी जर्मन भाषेची बी१ किंवा बी२ पातळी अपेक्षित असते. वर्षाअखेरीस पात्रतानिश्चिती परीक्षा होते व ती अनुत्तीर्ण झाल्यास सामान्यतः एकदाच पुन्हा देता येते. ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्याची एकूण श्रेणी ठरवताना मायदेशातील श्रेणी आणि या परीक्षेतील श्रेणी यांची सरासरी घेतली जाते. बारावीत मागे पडलेल्याला आपली स्थिती सुधारण्याची ही एक संधी ठरते.

सरकारी वर्गांना बहुतांशी शिक्षणशुल्क नसते, खासगी वर्ग मात्र शुल्क आकारतात. अनेक खासगी संस्थांना पात्रतानिश्चिती परीक्षा घेण्याचा अधिकार नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांना ती बाह्य परीक्षार्थी म्हणून अन्यत्र द्यावी लागते. जाहिरातींतून हा फरक नेहमीच स्पष्ट होत नाही.

गुणांचे रूपांतर

जर्मनीत १.० ही सर्वोत्तम व ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची श्रेणी आहे. परदेशी गुणांचे रूपांतर 'सुधारित बव्हेरियन सूत्रा'ने केले जाते: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्यास कमाल व किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागावे, तीनने गुणावे व एक मिळवावा. महाराष्ट्र मंडळाची उत्तीर्णतेची मर्यादा ३५ टक्के धरल्यास ८५ टक्क्यांची श्रेणी सुमारे १.६९ येते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ३३ टक्क्यांच्या मर्यादेने ती १.६७ होते, म्हणजे फरक नगण्य आहे. परंतु एखाद्या ठिकाणी किमान मर्यादा ५० धरली गेली, तर तेच ८५ टक्के १.९ होतात आणि ६० टक्के मिळवणारा २.८५ वरून ३.४ वर घसरतो. सूत्र सर्वत्र सारखे असले तरी त्यात घातलेली किमान मर्यादा निर्णायक ठरते, आणि तिचा फटका कमी गुणांच्या विद्यार्थ्याला अधिक बसतो.

कागदपत्रांची पडताळणी

१ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी, काही अपवाद वगळता, नवी दिल्लीतील एपीएस या शैक्षणिक तपासणी कार्यालयाचे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. या धर्तीचे पहिले कार्यालय २००१ मध्ये बीजिंग येथे सुरू झाले होते. एपीएस कागदपत्रांचा खरेपणा तपासते. प्रवेशाची हमी देत नाही. या पडताळणीचे शुल्क १८,००० रुपये आहे.

विद्यापीठांच्या वतीने अर्जांची प्राथमिक छाननी बर्लिनमधील 'युनि-असिस्ट' ही २००३ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. एका सत्रातील पहिल्या अर्जास ७५ युरो व पुढील प्रत्येक अर्जास ३० युरो पडतात. म्युनिक तंत्रविद्यापीठासारखी काही विद्यापीठे अर्ज स्वतः स्वीकारतात, परंतु रूपांतरित श्रेणी नोंदवणारा युनि-असिस्टचा पूर्वतपासणी दाखला मागतात.

महाराष्ट्रातील गुणपत्रिकांबाबत नावाचा प्रश्न उद्भवतो. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे व वडिलांचे नाव छापले जाते आणि आईचे नाव स्वतंत्र ओळीत येते. पारपत्रात आडनाव व दिलेले नाव असे दोनच रकाने असतात, आणि वडिलांचे नाव काहींच्या बाबतीत दुसऱ्या रकान्यात असते, काहींच्या बाबतीत नसते. ही रचना परिचयाची नसलेल्या वाचकाला दोन कागद दोन व्यक्तींचे वाटू शकतात. इंग्रजीतील गुणपत्रिकांना सहसा भाषांतर लागत नाही. मराठीतील शाळा सोडल्याचा दाखला मागितला गेल्यास मात्र अधिकृत भाषांतर जोडावे लागते.

वेळापत्रक

हिवाळी सत्राची सर्वसाधारण अंतिम मुदत १५ जुलै असते. महाराष्ट्र मंडळाचा बारावीचा निकाल अलीकडील वर्षांत मे महिन्यात लागतो, मूळ गुणपत्रिका त्यानंतर काही दिवसांनी महाविद्यालयातून मिळते. उरलेल्या सुमारे दोन महिन्यांत एपीएसची पडताळणी आणि युनि-असिस्टची छाननी या दोन्ही गोष्टी बसवणे अवघड असते, शिवाय भाषा प्रमाणपत्र आधीच हाती असावे लागते. त्यामुळे बारावीनंतरचे एक वर्ष बहुधा जाते. ते वर्ष भारतातील महाविद्यालयात प्रथम वर्ष पूर्ण करत जर्मन शिकण्यात घालवल्यास दुसऱ्या मार्गाची अटही त्यातच पूर्ण होते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग येथे जर्मनचे वर्ग चालतात.

वैद्यकीय अभ्यासक्रम

वैद्यकाच्या जागा देशभर मर्यादित असून युरोपीय संघाबाहेरील अर्जदारांसाठी त्यांतील अल्प वाटा राखीव असतो. अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतो. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय पदवीचे अध्यापन इंग्रजी माध्यमातून झालेले असणे आवश्यक आहे. त्यामुळे जर्मनीत डॉक्टर झालेल्या भारतीय विद्यार्थ्याचा मायदेशी व्यवसाय करण्याचा मार्ग अडतो, ही बाब प्रवेशानंतर कळल्यास फार उशीर झालेला असतो.

शुल्क व व्हिसा

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसून केवळ सत्रवर्गणी असते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र १,५०० युरो घेते, तर म्युनिक तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदवी अभ्यासक्रमांसाठी प्रतिसत्र २,००० ते ३,००० युरो शुल्क लागू केले आहे. निर्वाहाची तरतूद दाखवण्यासाठी बंदिस्त खात्यात वर्षाची रक्कम आगाऊ ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो होती. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांचे व्हिसा अर्ज मुंबईतील जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. पूर्वतयारी वर्गासाठी जाणाऱ्यांनाही हीच रक्कम दाखवावी लागते.