खिंडीच्या वाटेवरचा मुक्काम

मलकापूर हे कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरचं, शाळी नदीकाठचं बाजाराचं गाव. १८४४च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि गडाच्या प्रतिनिधींचं ठाणं इथं आलं. एरवी शांत असलेला इथला एस. टी. स्टँड जुलैतल्या रविवारी संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या, लंगडत चालणाऱ्या पोरापोरींनी भरतो. पन्हाळा ते पावनखिंड चालून ही मंडळी परतीच्या वाटेला लागलेली असतात.

सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले ते १६६०च्या आषाढी पौर्णिमेच्या रात्री. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी खिंड लढवली. या झुंजीची नोंद जेधे शकावलीत आहे. नेमकी जागा कोणती, यावर अभ्यासकांत अजून वाद होतात. तारखेचीही एक गंमत आहे. आपण म्हणतो ती १३ जुलै जुन्या ज्युलियन गणनेतली. आजच्या कॅलेंडरवर तो दिवस २३ जुलै येतो. चालणाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. ते पाहतात शनिवार-रविवार आणि पाऊस.

महाराजांनी खिंडीपर्यंतचं अंतर एका रात्रीत आणि अर्ध्या दिवसात तोडलं. आताच्या मोहिमा पन्नासेक किलोमीटर दोन दिवसांत चालतात आणि मधली रात्र करपेवाडी, आंबर्डे, आंबेवाडी अशा एखाद्या वाडीत काढतात. कोल्हापूरच्या हिल रायडर्ससारख्या संस्थांनी ही वाट लोकांच्या अंगवळणी पाडली. मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही, हाकेवरच चालायचं. पठार उतरलं की ओढे, बांध आणि लाल चिखल सुरू होतो.

कॅथलिकांच्या जागतिक युवा दिनाशी वाडीतल्या या रात्रीचं नातं जुळतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८०च्या दशकात तो सुरू केला. शेवटच्या रात्री तरुण उघड्या मैदानात पथारी टाकतात आणि सकाळच्या मिस्साला तिथंच उभे राहतात. लिस्बनला ऑगस्ट २०२३मध्ये असे सुमारे पंधरा लाख जमले होते. माद्रिदला २०११ साली वादळी पावसानं पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं भाषण मध्येच थांबवलं, तरी पोरं मैदान सोडून गेली नाहीत. भिजण्याच्या बाबतीत आपली पोरंही कमी नाहीत. पण तिकडे मैदान आखलेलं, व्यासपीठ उभारलेलं आणि यजमान म्हणजे अख्खं शहर. इकडे यजमान म्हणजे वीस-पंचवीस उंबऱ्यांची वाडी.

आणि आठवडा कोणता, तर ऐन रोप लावणीचा. दिवसभर खोळ पांघरून, कमरेत वाकून तरवा उपटणारी बाई संध्याकाळी घरी येते ती पाहुण्यांसाठी भाकरी थापायला. चुलीपुढे बुटांची रांग लागते, मोज्यांना वाफ सुटते, सोप्यात पाय पसरायला जागा उरत नाही. सगळे झोपले तरी तिची भांडी घासायचीच असतात आणि पहाटे पुन्हा चहाचं आधण. काही मोहिमांत ताटाचे पैसे ठरतात, काहींत निघताना हातावर काहीतरी ठेवलं जातं. माझं मत विचाराल तर ताटाचा दर आधी ठरवून चोख द्यावा. ‘गावकऱ्यांचं प्रेम’ म्हणून फुकट जेवणं शोभत नाही. नव्या लावणीतून आडवं जाणं आणि बांध तुडवून फोडणं तर मुळीच शोभत नाही.

वाट पावनखिंडीशी संपते, काही जण पुढे विशाळगड गाठतात. गडावर मलिक रेहान दर्गा आहे. तिथंही नवस फेडायला दुरून माणसं येतात आणि त्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात. १४ जुलै २०२४ला, मोहिमांच्याच दिवसांत, गडावरच्या अतिक्रमणाच्या प्रश्नावरून जमलेला जमाव पायथ्याच्या गजापुरात शिरला. मुसलमानवाडीतल्या घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. त्या घरांचा गडावरच्या बांधकामांशी संबंध नव्हता. या वाटेवर लिहिताना हे गाळणं मला जमणार नाही. चालणाऱ्या हजारोंनी कुणाच्या घराला हात लावलेला नाही, हे खरंच. पण चालणाऱ्यांच्या आणि त्या जमावाच्या घोषणा त्याच होत्या. म्हणून निघण्याआधी पन्हाळ्यावर जी माहिती सांगतात, त्यात महाराजांचं सोंग घेऊन शत्रूला चकवणारे शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांच्याबरोबर वाटेवरच्या गावांची, तिथं राहणाऱ्या माणसांची ओळखही करून द्यायला हवी. बहुतेक पोरांना रात्री ज्या घरात झोपायचं, त्या वाडीचं नावसुद्धा ठाऊक नसतं.