बटण दाबलं, पण गेम हलेना?

मैत्रिणींनो, मुलांच्या हातातल्या गेमचं एखादं बटण चालेना झालं, की तो भंगारात टाकायची घाई आपण करतो. जरा थांबूया. पुष्कळदा बिघाड असतो तो आतल्या रबराचा.

१९८९ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने काढलेला गेमबॉय घ्या. त्याच्या बटणाखाली रबराची गादी असते. तिच्या तळाला कार्बनचा काळा ठिपका. बटण दाबलं, की ठिपका सर्किटवर टेकतो आणि वीज जोडली जाते. टीव्हीच्या रिमोटमध्येही बहुधा हीच रचना असते.

आधी चारही सेल काढूया. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्यांना तसाच पेचकस हवा. आतले दोन भाग चपट्या केबलने जोडलेले असतात, म्हणून झाकण ओढायचं नाही.

मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन सर्किट हलकेच पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ठिपका खरवडायचा नाही. रबर फाटलं किंवा ठिपका झिजला असेल, तर त्याच मॉडेलची नवी गादी बसवायची.

वस्तू वाचते, आणि ती उघडून बघायची भीतीही जाते.